अक्का, कागद आला का?

माझं नाव गऊबाई. आता औरंगाबादच्या हर्सूलला ऱ्हाते मी, तळ्याच्या अंगाला, पन जल्माची वैजापूर तालुक्यातली, अन् आमचं गाव म्हंजे गाव तरी कसलं ताई, पंधरा-वीस घरं, बाकी सगळी मेंढरं. मेंढरंवाली मान्सं आमी. दिवाळी झाली का बा मेंढरं घेऊन गंगथडीला निघायचा, गोदावरीच्या काठानं, ह्याच्या रानात चार दिस बसव, त्याच्या रानात आठ दिस बसव, असं करत करत पाऊसकाळाला माघारी यायचा. माझी आई मी नऊ वर्षांची आसताना गेली. मागं मी अन् माझा धाकटा भाऊ म्हादू. मला वाढवली चुलतीनं अन् म्हादूला वाढवला मी, असं म्हना. तो मला अक्का म्हनायचा.

आता तुमी म्हनाल ही बाई काय सांगाया बसली अन् कुठं चालली. पन आदी आमच्या आज्याचा कागद सांगितल्याबिगर पुढचं कळनार नाय तुमाला. आमचा आज्या निजामाच्या, रझाकारीच्या काळातला मानूस. त्या टायमाला त्याला एक कागद आला, शिक्का मारलेला, उर्दूतला. आज्याला काय वाचता येतंय? त्यानं बाजारात कुना मुन्शीकडून वाचून घेतला, घरी यायलाय तवर शिपाई दारात उभे, घेऊन गेले त्याला. कशापायी नेला ते आजपस्तोर कुनाला ठावं नाय. पोलीस अॅक्शन झाली तव्हा सुटून आला, एक पाय ओढत. आजीनं तव्हाच ठरवून टाकलं का कागद देवाला न दाखवता उघडला म्हनून हे झालं. तव्हापासून आमच्या घरची रीत पडली. शिक्क्याचा कागद घरात आला का आदी देव्हाऱ्यात ठेवायचा, त्याच्यावर भंडारा टाकायचा, अन् आयतवार बघून घरच्या कर्त्या बाप्यानंच तो उघडायचा. बाईमान्सानं हात लावायचा तो फकस्त देवापुढं ठेवायला. कुनाला हसू येतंय ह्याचं. मलाबी आलं आसतं, दुसऱ्याच्या घरचं आसतं तर.

म्हादू चित्रं काढायचा. कशावरबी काढायचा. कोळशानं भिंतीवर, खडूनं पाटीवर, काडीनं मातीत. मेंढराच्या पाठीवर गेरूनं खून करायची आसती ना, कुनाचं मेंढरू कुनाचं ते कळाया, तर हा तिथंबी मोर काढायचा. बा रागं भरायचा, म्हनायचा आरं, बाजारात मोर इकतोय व्हय मी? पन मनातून बालाबी गंमत वाटायची, कारन लोक आमच्या मेंढरांला बघाया थांबायचे.

शाळेत त्याला नूर मास्तर व्हते चित्रकलेला. वैजापूरच्या शाळेत. काळी टोपी, पान खाऊन व्हट लाल. एकदा ते मेंढरांच्या वाड्यावर आले, बाजल्यावर बसले अन् बाला म्हनले, इस लडके का हाथ अलग है, इसको मत रोको. बाला काय हिंदी कळती? त्याला वाटलं पोरानं हात उचलला कुनावर. मग म्हादूनं हसत हसत समजून सांगितलं. मास्तर म्हनले औरंगाबादला चित्रकलेचं सरकारी कॉलेज हाय, फी थोडी, गरिबाला तीबी माफ व्हती, मी फारम भरतो. बा म्हनला बगू. आमच्या बाचं बगू म्हंजे ना धड व्हय ना धड नाय.

पोरगं मॅट्रिक पास झालं. आमच्या गावात पयलं. मास्तरांनी त्याला वैजापुरात फोटोवाल्याकडं नेलं, दोन फोटो काढले, दोनी फारमाला लावून धाडले. मी म्हनलं एक घरी ठेवायचा व्हता रे. तो म्हनला अक्का, बोलावलं का शिक्क्याचा कागद येतो, त्याच्यावर फोटो डकवून माघारी धाडत्यात, तव्हा बघशील. लई खुशीत व्हता. त्याच आठवड्यात बाचा निरोप आला, पाय सुजलाय, मेंढरं एकट्याला आवरंनात, पोराला धाडा. तो गेला. जाताना मला म्हनला, अक्का, कागद आला का ध्यान ठेव. मास्तरांचीबी त्याच उन्हाळ्यात बदली झाली, लातूरकडं कुठं.

कागद आला ताई.

मी मोकळं बोलते तुमच्याशी, आता लपवायचं कुनापासून? भर दुपारी आला. टपालवाला सायकल टेकवून उभा, मी दळन निवडत बसलेली. लांब पाकीट, मातकट, वर गोल शिक्का. मला वाचता येत नव्हतं, पन शिक्का कळत व्हता. अन् पाकिटाला हात लावला तर आत काहीतरी जाड लागलं, चौकोनी. मला कळलं, फोटो हाय. कागद माघारी आलाय म्हंजे त्याला बोलावलंय. टपालवाला अजून दारातच व्हता, पानी पेत व्हता. मी त्याला म्हनू शकत व्हते का बाबा, एवढं वाचून दाव. शेजारच्या गावात शाळा व्हती, मी चालत जाऊ शकत व्हते. गंगथडीला जानारा कुनी बी मिळाला आसता, त्याच्या हाती निरोप धाडता आला आसता.

मी काय केलं? देव्हाऱ्यात ठेवला. भंडारा टाकला. हात जोडले. अन् गप बसले. रीत व्हती ना. कर्ता बाप्या यील, आयतवार यील, मग उघडू.

त्या साली पाऊस लांबला. पाऊस न्हाई तर गावाकडं चारा न्हाई, मेंढरं तिकडंच. एक आयतवार गेला, दोन गेले, सात-आठ गेले. मी रोज दिवा लावताना त्या पाकिटाकडं बघायची. अन् एक दिस शेजारच्या गावचा शाळेचा शिपाई आला, तो बोलता बोलता म्हनला का समदी कॉलेजं सुरू झाली, ज्याला बोलावलं तो गेला, आता नवा घेत नाय. तो गेला तसं मी पाकीट लाल फडक्यात गुंडाळलं अन् देव्हाऱ्यातल्या पाटाखाली सरकवलं.

आता तुमी लिहिताय तर हेबी लिहा. निसती रीत नव्हती. मला तो जायला नको व्हता. आई गेली, बा बारा महिने रानात, चुलती तिच्या पोरांची. माझं म्हनावं असं एक म्हादू व्हता, अन् तो औरंगाबादला गेला आसता तर पुन्हा काय आला आसता? मी रीतीच्या आडून बसले ताई. देवाला पुढं केलं अन् मी मागं लपले.

ते आले तव्हा चिखलानं गुडघ्यापस्तोर भरलेले. बा पाय धुवाया बसला. म्हादूनं घोंगडीबी काढली नव्हती खांद्यावरची, हातात काठी तशीच, दाराच्या चौकटीला टेकून उभा ऱ्हायला अन् पानी मागायच्या आदी म्हनला, अक्का, कागद आला का?

मी म्हनलं, नाय.

तो मान हलवून हसला. मग पानी पेला. पुन्हा कव्हा इचारलं नाय त्यानं, जिता आसताना. चित्रं काढायचं मात्र सोडलं. मेंढरावर खून करायची तर निसती आडवी रेघ मारायचा. फुडच्या साली गंगथडीलाच, वाड्याची जाळी गुंडाळताना त्याला पान लागलं. साप चावला. गावात आनला तव्हा अंग निळं पडलं व्हतं. त्याला वाटलं आपल्याला कुनी बोलावलं नाय, आपला हात तेवढा चांगला नव्हता, असंच घेऊन गेला तो.

आमच्यात बिनलग्नाचं मानूस गेलं का त्याचा टाक करून देवात बसवत्यात. टाक म्हंजे चांदीचा एवढासा पत्रा, बोटाएवढा, त्याच्यावर घोड्यावरचा वीर उठवलेला, हातात तलवार. बानं सोनाराकडून करून आनला. खंडोबा, बिरोबा, भवानी अन् शेजारी माझा म्हादू. कागद त्याच देव्हाऱ्यात, पाटाच्या खाली. मीच सरकवला व्हता, लाल फडक्यात गुंडाळून, वर भंडारा भरून. उघडायचा धीर नव्हता, जाळायचाबी नव्हता.

मग माझं लगीन झालं, हर्सूलला आले. बा गेला तव्हा देव करनारं कुनी उरलं नाय. माहेरचे देव सासरी आनत नसत्यात, सासूनं लई तोंड केलं, पन मी म्हनलं माझा भाऊ मी उघड्यावर टाकनार नाय. स्वयपाकघरात एक कोनाडा केला, त्यात ठेवले. पाटासकट.

अन् तव्हापासून तो यायला लागला.

भुतंखेतं रातची येत्यात म्हनत्यात, आमचा म्हादू दुपारचा येतो. बाराच्या सुमाराला, ज्या टायमाला कागद आला त्याच टायमाला. मी उस्मानपुऱ्यात पोरींच्या वसतिगृहाच्या मेसमधी तीस वर्षं पोळ्या लाटल्या. पयली पंगत उठली, दुसरीचा तवा तापतोय, तेवढ्यात दाराशी कुनीतरी उभं ऱ्हायल्यासारखं व्हायचं. घोंगडी खांद्यावर, गुडघ्यापस्तोर चिखल. मी वर बघायची नाय. घोंगडीचा वल्ला वास यायचा, उन्हाळ्यातबी. अक्का, कागद आला का? मी मनातल्या मनात म्हनायची, नाय. तो जायचा. रोज नाय, पन महिन्यातून चार-दोन येळा. संगतीच्या बाया म्हनायच्या गऊबाई, पोळी करपली. भ्याले का मी? सुरुवातीला भ्याले. मग नाय. मग निसती शरम वाटायची. माझं वय वाढत चाललं अन् तो आपला सतरा वर्षांचाच.

आता माझी नात. रुतुजा तिचं नाव, मी रुतू म्हनते. माझा ल्योक बाळू वाळूजला कंपनीत हाय, त्याची ही एकुलती. अन् देवाची करनी बघा, हिलाबी तेच येड. पन हिचं चित्र कागदावर नाय, पत्र्यावर. तेलाचा डबा कापायचा, डांबराच्या गोळ्यावर पत्रा ठेवायचा, मागून खिळ्यानं ठोकायचं का पुढून चित्र उठतं. कुनी शिकवलं नाय. कोनाड्यातले टाक बघून बघून शिकली. दहा वर्षांची आसल्यापासून घरात ठकठक, शेजारीन भांडाया यायची. मला ती ठकठक आवडायची अन् भ्यावबी वाटायचं. ती टाक हातात घिऊन बसायची तव्हा मी म्हनायची ठेव गं, देव हाय तो, खेळनं नाय. खरं भ्याव निराळंच, पाटाखाली हात जाईल म्हनून.

बारावी झाली अन् घरात एकच इषय, पोरीला कुठं घालायचं. ती म्हनती मला हेच शिकायचंय, धातूचं काम, टाक, मूर्ती, जुनं काम. बाळू म्हनतो कॉमर्स कर, कंपनीत चिकटवतो. सूनबाईनं कुठूनतरी पुन्याच्या कॉलेजचं पुस्तक आनलं, गुळगुळीत, त्यात सगळ्या पोरी हसत हुभ्या. त्याची फी ऐकून बाळूनं पुस्तक पालथं घातलं. मग शहरातलं एक काचंचं कॉलेज बघितलं. अन् तिसरं ते सरकारी, नूर मास्तरांनी म्हादूला सांगितलेलं तेच.

मी मेसवाली बाई, तीस वर्षं पोरींच्या ताटात वाढलेलं, मला कॉलेजची पारख हाय. मी रुतूसंगं गेले बघाया. काचंच्या कॉलेजात पोरींच्या नखाला रंग व्हता, पन वरून लावलेला. सरकारी कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर पोरी च्या पीत व्हत्या, त्यांची नखं बघितली. एकीच्या नखात माती, एकीचं बोट कापलेलं, चिंधी बांधलेली. मी रुतूला म्हनलं, हितं काम व्हतंय. त्या पोरींनीच सगळं सांगितलं, आजी, फी थोडी हाय, शिष्यवृत्ती मिळती, पन जागा कमी हायत, परीक्षेनंतर मुलाखत आसती, तिथं आपल्या हातचं काम दाखवावं लागतं.

रुतू माझा हात धरून म्हनली चल आत. अन् ताई, माझं पाऊलच उचलंना. दुपारची येळ. फाटकाच्या खांबाला टेकून तो उभा. चिखलाचे पाय. ह्या खेपंला इचारलंबी नाय त्यानं, निसता आत बघत व्हता. पन्नास वर्षांत पयल्यांदा मी त्याच्याकडं नीट बघितलं, अन् मला त्याचं तोंडच दिसंना. सगळं दिसत व्हतं, घोंगडी, काठी, तोंड नाय. इसरले व्हते मी. भावाचं तोंड इसरले व्हते.

घरी आले अन् काय केलं ठावं हाय? बाळूला म्हनलं, सरकारी नगं. पुन्याचं चांगलं हाय. कर्ज काढ, माझ्या गळ्यातलं मोड, शेरडं इक, पन पोरीला हितं घालू नगं. बाळू माझ्या तोंडाकडं बघायला लागला. आई, सकाळपस्तोर तर तूच म्हनत व्हतीस सरकारीच चांगलं. मी म्हनलं मला ती जागा बरी वाटली नाय. घरात म्हाताऱ्या मान्सानं असं म्हनलं का पोरं ऐकत्यात. बाळू दुसऱ्याच दिशी बँकेत गेला. माझ्या शरमेपायी मी पोराच्या मानंवर कर्ज ठेवाया निघाले व्हते.

रुतू मात्र माझ्यावर गेलेली, हट्टी. तिनं मोबाईलवर सरकारीचा फारम गुपचूप भरला व्हता. परीक्षा दिली, पास झाली, मुलाखतीची तारीख आली तव्हा बाळूला सांगितलं. बाळू म्हनला दोन्हीकडं बगू. मुलाखतीला काय न्यायचं म्हनून ती सराफ्यात एका म्हाताऱ्या टाकवाल्याकडं गेली, तिथून आली ती तडक माझ्याकडं. मला म्हनली आजी, त्या बाबाकडं वीराचा एकच ठसा हाय. कुनाचंबी पोरगं जाऊदे, त्याच ठशावर पत्रा ठेवून ठोकत्यात. तेच तोंड, तीच मिशी, तीच तलवार. आपला म्हादूआजाबी तसाच. त्याला मिशी तरी व्हती का गं?

मी म्हनलं, नव्हती.

मंग मी त्याचा खरा टाक करनार, ती म्हनली. तलवार नाय, काठी. घोडा नाय, मेंढरू. मुलाखतीला तोच नेनार. सांग ना आजी, कसा दिसायचा तो? नाक कसं व्हतं?

माझा तोल गेला ताई. मी तिच्यावर वरडले, मेलेल्या मान्साशी खेळू नगंस, नगं ते कॉलेज, जा पुन्याला, न्हाईतर जा बापाच्या कंपनीत. आयुष्यात पोरीला मी कधी असं बोलले नव्हते. तिनं पत्रा, खिळे, डांबर, समदं गोनीत भरलं अन् माळ्यावर टाकलं. बाळूला म्हनली पप्पा, मला कॉमर्सला घाला. पुन्याचं कर्जबी नगं. मुलाखतीला पाच दिस उरले व्हते.

घरातली ठकठक बंद झाली. दोन दिस झाले. तिसऱ्या दिशी दुपारी मी वटा पुसत व्हते, बाराचा टाइम, अन् वल्या घोंगडीचा वास आला. चौकटीला टेकून उभा. अक्का, कागद आला का?

पन्नास वर्षं जे तोंडातून निघालं नाय ते निघालं. मी म्हनलं आला. आला व्हता रे म्हादू. तुला बोलावलं व्हतं. मी दडवला. मोठ्यानं बोलले, घरात सूनबाई व्हती, रुतू व्हती, दोघी धावत आल्या. दारात कुनी नव्हतं.

मी म्हनलं रुतू, आज वार कोन? ती म्हनली आयतवार. वार बघून ठरवलं नव्हतं मी, आपसूक आला. मी कोनाड्यातला पाट उचलला, लाल फडकं काढलं, भंडारा झाडला. हळदीनं पाकीट पिवळंधमक झालेलं, पन कसर लागली नव्हती. बाळूबी उठून आला. मी पाकीट बाळूला दिलं नाय, रुतूच्या हातात दिलं. म्हनलं तू उघड. बाईमान्सानंच उघड.

आत दुमडलेला कागद, त्याच्यावर डकवलेला फोटो, अर्धा शिक्का फोटोवर अन् अर्धा कागदावर. रुतूनं वाचलं. अमुक दिशी, अमुक टायमाला हजर ऱ्हावं, सोबत स्वतः काढलेली चित्रं आनावीत. अन् खाली शाईनं कुनीतरी हातानं लिहिलेलं, फी माफ, वसतिगृहात जागा मिळंल. फी माफ ताई! बाचं ते बगूबी आडवं आलं नसतं. काहीच आडवं आलं नसतं, एक माझ्याबिगर.

मी खाली बसले. वाटलं आता हे मला काय म्हनतील. बाळू जेवनावरून उठला तो बाहेर निघून गेला, चार दिस माझ्याशी बोलला नाय, अन् माझी तक्रार नाय. सूनबाई रडत व्हती. रुतू मातर फोटोकडंच बघत बसलेली. म्हनली, आजी, ह्याचे कान माझ्यासारखे हायत गं. मी बघितलं. तसेच. बाहेर आलेले, थोडे टोकदार. ते कान मी रोज विंचरताना बघत व्हते पोरीचे, मला कव्हा दिसले नाय.

तिनं माळ्यावरून गोनी काढली. दोन दिस ठकठक चालली. शेजारीन आली भांडाया, मी तिला च्या पाजला. कॉमर्सचं नावबी कुनी काढलं नाय अन् पुन्याचंबी.

मुलाखतीला मीबी गेले. ह्या खेपंला फाटकातून आत गेले, खांबाकडं बघितलं, कुनी नव्हतं. आतमधी मुलाखत घेनाऱ्या मॅडमनी टाक हातात घिऊन इचारलं हा कोन, अन् टाकात काठी का. रुतूनं सांगितलं, हा माझा आजा, ह्याला हितं बोलावलं व्हतं, कागद पोचला पन तो पोचला नाय. म्हंजे असं तिनं मला मागनं सांगितलं, मी बाहेर बाकड्यावर बसले व्हते. मॅडमनी तो पत्रा लई वेळ हातात धरला म्हनं.

नंबर लागल्याचं मोबाईलवर आलं. मी काय केलं, इतकं झालं तरी, तिच्या हातातून मोबाईल घेतला अन् निघाले देव्हाऱ्याकडं, भंडारा टाकाया. रुतू मागं धावली, आजी, बंद पडंल तो! तव्हा बाळू पयल्यांदा हसला. आमच्या घरात आता कागद आला का आदी उघडायचा, वाचायचा, मग देवाला. बाळूनंच सांगून टाकलं.

आता रुतू सकाळी डबा घिऊन जाती, संध्याकाळी येती, नखात काळं घिऊन. कोनाड्यात जुना टाक ठेवलाय, देव हाय तो, काढत नाय. शेजारी तिनं केलेला. दोन म्हादू.

पन तो येत नाय ताई. त्या आयतवारापासून एकदाबी आला नाय. मी बारा वाजता मुद्दाम वट्यापाशी उभी ऱ्हाते, दाराकडं तोंड करून. घोंगडीचा वासबी नाय. त्यानं मला माफ केलं म्हनून येत नाय, का माझं तोंड बघायचं नाय म्हनून येत नाय, हे मला कोन सांगनार? इतकी वर्षं मनात म्हनत व्हते येऊ नगंस, अन् आता वाट बघते. आसू दे. पोरीचा हात चालू ऱ्हावा, देवानं तिला भरपूर द्यावं, माझं काय, मी किती दिसाची.

तुमी लिहिताय तर एवढं नीट लिहा. लिहिलेलं टिकतं म्हनत्यात. त्याचा हात चांगला व्हता. त्याला बोलावलं व्हतं. कागद आला व्हता, येळेवर आला व्हता.